वाचनाआधीचा निकाल : संकेतनिष्ठ कथासाहित्य आणि समीक्षकाचे उत्तरदायित्व

१

रहस्यकथा, भयकथा, गूढकथा, विज्ञानकथा आणि परीकथांची पुनर्कथने यांच्याविषयी मराठी समीक्षेने फार थोडे लिहिले, ही तक्रार आता जुनी झाली आहे. ती पुन्हा एकदा मांडावी असा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. या अल्पतेच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे आणि तो आपण नीटसा उपस्थितच केलेला नाही, असे मला वाटते. समीक्षेच्या संदर्भात ‘नैतिक’ हा शब्द आपण बहुधा साहित्यकृतीच्या आशयाला लावतो. श्लीलाश्लीलता, बोध, बांधिलकी असे वाद त्यातून निर्माण होतात. समीक्षकाच्या स्वतःच्या कृती, म्हणजे वाचणे, न वाचणे, बोलणे, मौन पाळणे, याही नैतिक निर्णयाचा विषय होऊ शकतात, इकडे मात्र आपले लक्ष क्वचित जाते.

आरंभी संज्ञेचा खुलासा करणे आवश्यक आहे. वर उल्लेखिलेल्या प्रकारांना आपल्याकडे सरसकट ‘लोकप्रिय साहित्य’ म्हणण्याची प्रथा आहे. ही संज्ञा दिशाभूल करणारी आहे. लोकप्रियता ही खपाशी आणि वाचकसंख्येशी निगडित असलेली घटना आहे. ती कृतीचा गुणधर्म नव्हे. अनेक विज्ञानकथासंग्रहांची एकच आवृत्ती निघाली आहे आणि ‘मृत्युंजय’सारख्या कादंबरीच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आहेत. या प्रकारांना खऱ्या अर्थाने एकत्र आणणारी गोष्ट वेगळीच आहे. वाचकाशी आधीच ठरलेल्या काही संकेतांच्या आधाराने ते उभे राहतात आणि ते संकेत लपवीत नाहीत. गुन्हा घडला आहे तर त्याची उकल होईल. यंत्र आले आहे तर त्यामागे काहीएक शास्त्रीय उपपत्ती असेल. तीन भावांपैकी धाकटाच यशस्वी होईल. म्हणून या लेखात मी ‘संकेतनिष्ठ कथासाहित्य’ ही संज्ञा वापरतो. संकेत असणे हाच दोष मानायचा तर ओवी, अभंग आणि लावणीही दोषास पात्र ठरतील. वास्तववादी कादंबरीलाही तिचे संकेत आहेतच. फरक इतकाच की, आपण त्यांना दीर्घकाळ वास्तव समजत आलो आहोत.

आता प्रश्न असा मांडता येईल : एखादी कृती ज्या प्रकारात मोडते त्या प्रकाराच्या नावावरूनच तिच्याविषयी निर्णय घेणे आणि तो मौनाच्या रूपाने अमलात आणणे, हे कोणत्या अर्थाने अन्याय्य आहे? आणि अन्याय्य असेल तर त्याचे परिमार्जन कशाने होते? समीक्षकाने अशा कृतीला काय देणे लागते : कौतुक, सवलत, बढती, की आणखी काही?

२

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून दोन टोपणनावांचा विचार उपयुक्त ठरेल.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर होते. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने लावून त्यांनी हे नाव सिद्ध केले होते. शास्त्रज्ञ म्हणून मिळालेल्या कीर्तीचे वजन परीक्षकांच्या पारड्यात पडू नये, हा त्यामागील हेतू. दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. जेम्स टिपट्री ज्युनिअर या नावाने १९६८पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या विज्ञानकथांनी तेथील जाणकारांना चकित केले. १९७५ साली रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी टिपट्री यांच्या एका कथासंग्रहाला प्रस्तावना लिहिताना, हे लेखन पुरुषाचेच असले पाहिजे असे ठामपणे प्रतिपादन केले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन ही स्त्री असल्याचे उघड झाले. सिल्व्हरबर्ग यांनी आपली चूक पुढे मोकळेपणाने मान्य केली.

या दोन्ही ठिकाणी लेखकाने नाव झाकले ते न्याय्य वाचन मिळावे म्हणून. एकाला अनुकूल पूर्वग्रह टाळायचा होता, दुसरीला प्रतिकूल. कृतीखेरीज अन्य कशावरूनही तिचा निर्णय होऊ नये, ही अपेक्षा दोघांच्याही मुळाशी आहे आणि ती आपल्याला सहज पटते. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ‘कृष्णविवर’ला मिळालेला न्याय हा विज्ञानकथेच्याच स्पर्धेत मिळालेला न्याय होता. प्रकार मान्य करूनच तेथील परीक्षक वाचावयास बसले होते. लेखकाचे नाव झाकता येते. प्रकाराचे नाव मात्र झाकता येत नाही. ते मुखपृष्ठावरून, शीर्षकावरून, पहिल्या परिच्छेदावरून बोलू लागते. लेखकाची जात, लिंग, हुद्दा यांवरून कृतीचे मोल ठरविणाऱ्या समीक्षकाला आज आपण दोषी धरू. कृतीचे कूळ पाहून मोल ठरविणाऱ्याला मात्र आपण अभिरुचिसंपन्न म्हणतो.

या युक्तिवादावर एक आक्षेप संभवतो. लेखकाचे लिंग कृतीच्या बाहेरचे असते, तर प्रकार कृतीच्या आतला असतो. मग प्रकारावरून निर्णय घेण्यात गैर ते काय? आक्षेप अर्धा खरा आहे. प्रकार कृतीच्या आत असतो हे मान्य. पण तो तेथे निर्णय म्हणून नसतो, एक अट म्हणून असतो. अमुक वृत्तात कविता लिहिली आहे ही माहिती त्या कवितेविषयी काही सांगते, परंतु ती चांगली की वाईट हे सांगत नाही. वृत्त पाहूनच कविता मिटणाऱ्याला आपण वाचक म्हणणार नाही.

३

ही अनास्था आपल्या परंपरेत कोठून आली, हेही पाहिले पाहिजे. मराठी कादंबरीच्या आरंभकालीन तीन कृतींवरून भालचंद्र नेमाडे यांनी तीन प्रवृत्ती कल्पिल्या : १८५७च्या ‘यमुनापर्यटन’ची, १८६१च्या ‘मुक्तामाला’ची आणि १८७१च्या ‘मोचनगड’ची. ही मांडणी अभ्यासकांच्या हाती आली तेव्हा ती केवळ वर्गीकरण राहिली नाही. वास्तवाभिमुख प्रवृत्ती ही कादंबरीची खरी वाट आणि कल्पनारम्य प्रवृत्ती ही आडवाट, असा मूल्यक्रम तिच्याबरोबर आला. वासाहतिक काळातील सामाजिक जबाबदारीच्या दृष्टीने त्या मूल्यक्रमाला काही अर्थ होता आणि आजही आहे. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की, ‘मुक्तामाला’च्या वंशात जन्मलेली प्रत्येक कृती वाचण्यापूर्वीच ओळखीची वाटू लागली.

याहून जुना एक पुरावा आपल्या भाषेतच आहे. संस्कृत काव्यशास्त्रात ‘चमत्कार’ हा शब्द रसास्वादातील चित्ताच्या विस्फारासाठी, म्हणजे काव्यानुभवाच्या गाभ्यासाठी वापरला गेला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी कथांचे भाषांतर केले तेव्हा त्या गोष्टींना ‘सुरस’ आणि ‘चमत्कारिक’ अशी दोन विशेषणे शीर्षकात जोडली. त्या जोडणीत दोन्ही विशेषणे गौरवाची आहेत. आजच्या मराठीत मात्र ‘चमत्कारिक माणूस’ म्हणजे विक्षिप्त माणूस. एका शब्दाची ही उतरण अभिरुचीच्या स्थित्यंतराची खूण आहे. पुढे गौरी देशपांडे यांच्यासारख्या गंभीर कथाकादंबरीकार लेखिकेने बर्टनच्या ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड मराठीत आणले. तिच्या स्वतंत्र लेखनावर पुष्कळ लिहिले गेले. त्या प्रचंड भाषांतराचा तिच्या कथनशैलीशी काही संबंध असेल का, हा प्रश्न मात्र आपल्या चर्चेच्या केंद्राशी कधी आला नाही.

या ठिकाणी अभिनवगुप्ताचे साह्य घेता येते. रसप्रतीतीच्या आड येणाऱ्या सात विघ्नांची त्याने चर्चा केली आहे. त्यांतील पहिले विघ्न म्हणजे संभावनेचा अभाव. समोर येणारी गोष्ट संभवनीय आहे असे ज्याला वाटूच शकत नाही त्याचे चित्त तिच्यात स्थिरावत नाही आणि रसाची गोष्टच संपते. यावर त्याने जो उपाय सांगितला आहे तो आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. सर्वसाधारण लोकवृत्त दाखवावयाचे असेल तर हृदयसंवाद आपोआप घडतो. लोकोत्तर कृत्ये दाखवावयाची असतील तर रामासारखी प्रख्यात पात्रे घ्यावीत, कारण त्यांच्याविषयीची श्रद्धा दीर्घ प्रसिद्धीने मनात आधीच रुजलेली असते.

याचा अर्थ असा की, पौराणिक पुनर्कथनाला संभावनेचे भांडवल वारशाने मिळते. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त पुत्र आपले तारुण्य पित्याला देतो. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीसाठी खांडेकरांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, आणि त्या देवघेवीच्या असंभाव्यतेविषयी कोणी शंका घेतली नाही. घेण्याचे कारणही नव्हते, कारण महाभारताने ती शंका शतकानुशतके शमवून ठेवली आहे. आता हीच देवघेव एखाद्या प्रयोगशाळेत, शस्त्रक्रियेच्या टेबलावर घडते अशी कल्पना करावी. भोगलालसेचा तोच प्रश्न, पितापुत्रांतील तोच नैतिक पेच, तीच पश्चात्तापाची अटळता. परंतु आता ती कृती विज्ञानकथा ठरेल आणि तिची रवानगी दुसऱ्या कप्प्यात होईल. आशय बदलला नाही. बदलले ते एवढेच की, संभावनेचे भांडवल आता लेखकाला स्वतः कमवावे लागेल. जी कृती हे अवघड काम पत्करते तिला आपण हलकी समजतो आणि जिला ते आयते मिळते तिला अभिजाततेच्या दिशेने जाणारी समजतो, हा क्रम निदान विचारात घेण्याजोगा आहे.

संभावनेचा अभाव हे विघ्न कोणाचे, असाही प्रश्न येथे निघतो. अभिनवगुप्ताच्या विवेचनात कवीची जबाबदारी आहे. पण प्रतीती घ्यावयाची ती सहृदयानेच. एखादा वाचक भुताच्या कथेत भूत येताच पुस्तक मिटत असेल, तर त्याने कृतीचा दोष शोधला की स्वतःच्या अधिकाराची मर्यादा? निर्णय देण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारणे हे समीक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

४

प्रकाराच्या नावावरून घडणाऱ्या अन्यायाची तीन रूपे मला दिसतात.

पहिले रूप मौनाचे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावे दोनतीन पिढ्यांच्या तोंडी होती. एवढ्या लेखनात भाषेचे, नागर जीवनाच्या कल्पनेचे, कायदा आणि न्याय यांविषयीच्या लोकमानसाचे काही एक चित्र असणारच. ते चांगले होते की वाईट, हा पुढचा प्रश्न. आपण तो विचारण्यापर्यंतही पोहोचलो नाही.

दुसरे रूप सवलतीचे. ‘विज्ञानकथा म्हणून ठीक आहे’, ‘मुलांसाठी उत्तम’, ‘प्रवासात वाचावयास हरकत नाही’ अशी वाक्ये परीक्षणांत येतात ती दयाबुद्धीने. परंतु दया हा न्यायाचा पर्याय नव्हे. सवलत देणारा परीक्षक कृतीकडून काही अपेक्षाच ठेवीत नाही, आणि ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याला आपण बरोबरीचे मानलेले नसते. सवलतीने वाईट विज्ञानकथेला जीवदान मिळते आणि चांगल्या विज्ञानकथेला तिच्याच पंक्तीत बसावे लागते.

तिसरे रूप अधिक सूक्ष्म आहे. त्याला मी बढती म्हणेन. एखादी संकेतनिष्ठ कृती समीक्षकाला मनापासून आवडते. आता तो अडचणीत येतो. प्रकार तर गौण, कृती तर थोर. तेव्हा तो लिहितो की, ही केवळ भयकथा नाही, ही मानवी अस्तित्वाची कथा आहे. कृतीला अशा रीतीने प्रकाराबाहेर काढले की प्रकाराविषयीचा निर्णय अबाधित राहतो. जे जे चांगले ते ते बाहेर काढायचे आणि उरलेल्याकडे बोट दाखवून प्रकारच निकृष्ट असल्याचे सिद्ध करायचे, हा तर्कदोष आहे. आणि जो लेखक जाणीवपूर्वक त्या प्रकारात राहून लिहीत होता त्याच्या निवडीचा तो अवमानही आहे.

बढतीचीच एक शाखा म्हणजे ‘शोध’. २०१८ साली ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला. त्यामागे नारायण धारपांच्या एका कथेची प्रेरणा असल्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले. त्यानिमित्ताने, २००८ साली निवर्तलेल्या धारपांकडे ज्यांनी पूर्वी पाहिले नव्हते अशांचेही लक्ष गेले. ही इष्ट गोष्ट आहे. परंतु धारपांचा शोध लागला, असे म्हणताना तो कोणाला लागला हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. सार्वजनिक वाचनालयांतून त्यांची पुस्तके घरी नेणाऱ्या वाचकांना ते कित्येक दशके ठाऊक होते. ज्या प्रदेशात लोक राहत आहेत त्याचा शोध लागला असे म्हणणाऱ्या प्रवाशाची भाषा आपण आता टाकून दिली आहे. समीक्षेतही ती टाकली पाहिजे.

आणि येथे अभ्यासाच्या अभावाची आणखी एक किंमत दिसते. धारपांच्या ‘लुचाई’चे स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’शी असलेले नाते या प्रकाराच्या वाचकांना माहीत आहे. रूपांतर, अनुकरण, प्रेरणा आणि स्वतंत्र निर्मिती यांच्या सीमारेषा कोठे आखायच्या, परकीय भयकल्पना मराठी गावात आणून वसविताना लेखकाने काय मिळविले व काय गमावले, हा खऱ्या तौलनिक साहित्याभ्यासाचा विषय आहे. तो शिस्तीने हाताळला गेला असता तर धारपांच्या बाजूने काय म्हणता येते आणि त्यांच्या विरुद्ध काय म्हणता येते, हे दोन्ही स्पष्ट झाले असते. तसे न झाल्यामुळे भक्त आणि निंदक दोघेही ऐकीव माहितीवर बोलतात. मौनाने धारपांना शिक्षा झाली तशी त्यांना त्यामुळे सूटही मिळाली.

५

आता विरुद्ध बाजूचा विचार केला पाहिजे, कारण ती बाजू दुबळी नाही. आयुष्य मर्यादित आहे, पुस्तके अमर्याद आहेत. निवड हा समीक्षकाचा अधिकार आहे, किंबहुना ते त्याचे कार्यच आहे. संकेतनिष्ठ साहित्यातील बहुतांश लेखन सामान्य असते, हे त्याचे चाहतेही नाकारणार नाहीत. मग त्या ढिगाऱ्यातून थोडे रत्नकण शोधण्यासाठी अभ्यासकाने वेळ का खर्चावा?

विज्ञानकथाकार थिओडोर स्टर्जन यांनी यावर दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. विज्ञानकथेचा नव्वद टक्के भाग टाकाऊ असेलही. पण कोणत्याही गोष्टीचा नव्वद टक्के भाग तसाच असतो, असा त्याचा आशय. उत्तर चतुर आहे, मात्र पुरेसे नाही. भावकवितेतील नव्वद टक्के सामान्य असूनही आपण उरलेल्यांसाठी वाचतो, कारण त्या वाचनाची एक संस्था आपण उभी केली आहे. त्यासाठी नियतकालिके, अभ्यासक्रम, पारितोषिके आणि प्रबंध आहेत. संकेतनिष्ठ साहित्यासाठी ही चाळणी वाचकांनी आपसात, मौखिक रीतीने चालविली. समीक्षकाला सर्व काही वाचणे शक्य नाही, हे निःसंशय. परंतु ‘मी हे वाचलेले नाही’ आणि ‘हे वाचण्याजोगे नाही’ ही दोन विधाने भिन्न आहेत. पहिले निवडीचे आहे, दुसरे निर्णयाचे. आपल्याकडे पहिल्याच्या आधाराने दुसरे उच्चारले जाते, आक्षेप आहे तो यावर.

शिवाय केवळ वाचल्याने न्याय होतोच असेही नाही. एडमंड विल्सन यांनी १९४४ साली गुप्तहेरकथांविषयी प्रतिकूल लेख लिहिला. वाचकांनी पत्रांचा भडिमार करून चांगल्या कथांची नावे सुचविली. विल्सन यांनी त्यांतल्या काही वाचल्या आणि १९४५ साली पहिल्याहून कडक असा दुसरा लेख लिहिला. त्यांनी पुस्तके वाचली, हे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे. परंतु त्यांच्या हातातला गज वेगळ्या वस्तूचा होता. गद्यशैली आणि व्यक्तिचित्रण यांच्या मापाने त्यांनी कोडे मोजले. याउलट डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८च्या आपल्या निबंधात गुप्तहेरकथेला कलाकृतीचा दर्जा नाकारला; तरीही अपराध, निष्पापता आणि समूहाची शुद्धी यांच्या दृष्टीने त्या रचनेचे असे विश्लेषण केले की, तिच्या मोहाचे रहस्य उलगडावे. या दोघांपैकी अधिक न्यायी कोण? माझ्या मते ऑडेन. न्याय म्हणजे अनुकूल निकाल नव्हे. समोरच्या वस्तूने कोणते काम पत्करले आहे ते ओळखून मग तिच्याविषयी बोलणे, हा न्यायाचा किमान अर्थ होय. त्यानंतर ते कामच हलके होते, असे म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला आहे.

६

संकेतनिष्ठ साहित्याच्या परीक्षणात एक पेच असा येतो की, जो इतरत्र इतक्या तीव्रतेने येत नाही. रहस्यकथेचा शेवट सांगावा की सांगू नये? वरवर हा शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तेथे समीक्षकाची दोन कर्तव्ये परस्परांशी भिडतात. वाचकाला त्याचा अनुभव अभंग मिळाला पाहिजे, हे एक कर्तव्य. कृतीच्या रचनेविषयी सप्रमाण बोलले पाहिजे, हे दुसरे. अगाथा ख्रिस्ती यांची १९२६ची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ घ्या. तिच्यासंबंधी जो मूलभूत वाद आहे, म्हणजे लेखिकेने वाचकाशी केलेला करार पाळला की मोडला, तो शेवट उघड केल्याशिवाय चालविताच येत नाही. शेवट झाकून तिच्याविषयी जे काही म्हणता येईल ते जाहिरातीच्या पलीकडे फारसे जात नाही.

यातून मार्ग काढण्यासाठी परीक्षण आणि समीक्षा यांतील जुना भेद पुन्हा उपयोगी पडतो. परीक्षण हे न वाचलेल्यासाठी असते. समीक्षा ही वाचलेल्याबरोबर असते. परीक्षणात मौन हे कर्तव्य ठरते, समीक्षेत तेच मौन पळवाट ठरते. आणि आपल्याकडे संकेतनिष्ठ साहित्याविषयी जे थोडे लेखन होते ते जवळजवळ सर्व परीक्षणाच्या पातळीवरच थांबते, ही या संदर्भातील लक्षणीय गोष्ट आहे. एकदा वाचून संपले की त्यात बोलण्यासारखे काही उरत नाही, हे गृहीतच त्यामागे दडलेले असते. परीकथेचे पुनर्कथन या गृहीताचा सरळ निरास करते. अँजेला कार्टर यांच्या १९७९च्या ‘द ब्लडी चेंबर’ या संग्रहातील शीर्षककथा पेरोच्या १६९७च्या संग्रहातील निळ्या दाढीच्या सरदाराच्या कथेवर आधारलेली आहे. बंद खोलीत काय आहे हे वाचकाला ठाऊक असते, किंबहुना ते ठाऊक असणे ही त्या कथेची अट आहे. आस्वाद कशात आहे? ठाऊक असलेल्या गोष्टीकडे नव्या बाजूने नेले जाण्यात. किर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट माहीत असतो, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको.

७

न्याय्य वाचन म्हणजे काय ते एका उदाहरणाने पाहू. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत उत्खननातून एका लुप्त, प्रगत संस्कृतीची ठेव हाती येते. तिच्यातील ज्ञानाच्या बळावर वामन नावाचा यंत्रमानव घडविला जातो आणि त्याला स्वतःसारखे दुसरे घडविण्याची आकांक्षा निर्माण होते. शीर्षकानेच शेवटाची दिशा सांगून टाकली आहे. म्हणजे ‘काय घडेल’ हे कुतूहल लेखकाने स्वेच्छेने दुय्यम केले आहे. भर आहे तो ‘कशामुळे घडेल’ यावर. वामन हे नावही अभिनवगुप्ताच्या उपायाचे स्मरण करून देते. लहान रूपात येऊन तीन पावले मागणाऱ्या बटूची कथा मराठी मनात रुजलेली आहेच. त्या प्रख्यात कथेकडून लेखकाने संभावनेचे काही भांडवल उसने घेतले आणि उरलेले यंत्रविज्ञानाच्या तर्काने कमावले. पुराण आणि विज्ञान यांची ही भागीदारी कादंबरीचे खरे बळ आहे.

दुर्बलता कोठे आहे? पात्रे पुसट आहेत, हा विज्ञानकथेवरील नेहमीचा आक्षेप. तो येथे लागू करावा का? ज्या विज्ञानकथेत कल्पना हीच नायक असते तिच्या बाबतीत तो आक्षेप पुष्कळदा अप्रस्तुत असतो. परंतु या कादंबरीने स्वतःवर एक जास्तीची जबाबदारी घेतली आहे. ज्ञान हाती आल्यावर ते वापरावे की नाही, हा निर्णय माणसे घेत आहेत, आणि त्या निर्णयावर मानवजातीचे भवितव्य टांगले आहे. अशा वेळी निर्णय घेणाऱ्यांचे मोह, त्यांची घाई, त्यांचा अहंकार यांना वजन नसेल तर ताण कमी पडतो. तेव्हा आक्षेप लागू होतो. मात्र तो वास्तववादी कादंबरीच्या दंडकाने लागू होत नाही, कृतीने स्वतः दिलेल्या वचनाने लागू होतो. हे वाचन सौम्य नाही. सवलतीच्या वाचनापेक्षा ते कठोर आहे. पण या कठोरपणात कृतीला बरोबरीची मानल्याची खूण आहे.

आपल्या वाङ्मयीन संस्थांना ही बरोबरी किती अवघड वाटते, याचे निदर्शक नारळीकरांच्याच चरित्रात आहे. ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह १९७९ साली मौज प्रकाशनाकडून आला, म्हणजे प्रतिष्ठित दरवाजातून आत आला. २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०१४चा साहित्य अकादेमी पुरस्कार मात्र त्यांना मिळाला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी. ते आत्मचरित्र पुरस्कारास पात्र होते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, ज्या लेखनाने त्यांनी मराठीत एक प्रकार रुजविला त्या लेखनाची गुणावगुणचर्चा त्यांच्या सन्मानांच्या तुलनेत कितीशी झाली? मे २०२५मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर श्रद्धांजलीचे लेख पुष्कळ आले. श्रद्धांजलीत गुणावगुणचर्चा करावयाची नसते. ती ज्या काळात करावयाची असते तो काळ आपण सन्मान करण्यात घालविला.

८

अन्याय होतो तो नेमका कोणावर, या आरंभी सूचित झालेल्या प्रश्नाकडे आता वळता येईल. कृती ही निर्जीव वस्तू आहे. तिच्यावर अन्याय होत नाही, असे कोणी म्हणेल. लेखकाला वाचक मिळाले, पैसेही काही प्रमाणात मिळाले. त्याचे समीक्षेवाचून अडले नाही, असेही म्हणता येईल. हे दोन्ही मान्य केले तरी दोन पक्ष उरतात. एक, वाचक. रत्नाकर मतकरींची गूढकथा वाचून रात्री दिवा न मालवणाऱ्या वाचकाला आपल्या भीतीविषयी विचार करण्यासाठी भाषा हवी असते. ती भाषा पुरविणे हे समीक्षेचे काम आहे. समीक्षा गप्प राहिली की, आपला अनुभव बोलण्याच्या लायकीचा नाही, असे तो वाचक समजून चालतो. अभिरुचीतील दुभंग येथे पक्का होतो आणि मग त्याच वाचकाने गंभीर साहित्याकडे पाठ फिरविली म्हणून आपण खंत करीत बसतो.

दुसरा पक्ष म्हणजे स्वतः समीक्षा. चुकीचा निर्णय पुढील पिढी दुरुस्त करू शकते, कारण निर्णय लिहिलेला असतो आणि त्याच्या शेजारी कृतीही असते. मौनाचे तसे नाही. स्वस्त कागदावर छापलेली, वाचनालयांत हातोहाती फिरून जीर्ण झालेली पुस्तके फार काळ टिकत नाहीत. त्यांची सूची नाही, चिकित्सा नाही, पुनर्मुद्रणाची निकड कोणाला वाटलेली नाही. ज्याच्याविषयी काहीच लिहिले गेले नाही ते नाहीसे झाले तर ते होते याचीही नोंद उरत नाही. ते वाईट होते असे आपण मानले तरी त्याचा पुरावा आपल्याजवळ नसेल.

पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधाच्या विषयासाठी येतात तेव्हा ‘हा विषय चालेल का’ असे दबकत विचारतात. त्या प्रश्नात प्रकाराचे नाव असते, पुस्तकाचे नसते. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, विषय चालेल की नाही हे पुस्तके वाचल्यावर ठरवू. निकाल प्रतिकूल लागला तरी चालेल. कोणती पुस्तके वाचली, त्यांनी कोणते वचन दिले होते, ते कोठे पाळले आणि कोठे मोडले, आणि ते वचनच मुळात देण्याजोगे होते का, एवढे त्या निकालपत्रात लिहिलेले असावे. संकेतनिष्ठ साहित्याला समीक्षकाकडून याहून अधिक काही मागण्याचा अधिकार नाही. आणि याहून कमी काही देण्याचा अधिकार समीक्षकाला नाही.